चौकोन काढा, झाड काढा

मी क्लिक केलं नव्हतं. माउस नुसता झाडावरून गेला, तर झाड पिवळं झालं. जरा पुढे सरकलो तर ते विझलं आणि शेजारचं पेटलं. मी हात उचलून मांडीवर ठेवला. स्क्रीनवर पार्ल्यातली एक बाग होती. बागेत हिरवे ठिपके होते, एक ठिपका म्हणजे एक झाड, आणि बाण जिथे थांबला होता तिथलं झाड पिवळं होऊन माझी वाट बघत होतं. "जान्हवी," मी म्हणालो, "मी काही केलेलं नाही." ती शेजारच्या खुर्चीत वेफर खात होती. हे नवीन टूल तिनेच बनवलं होतं. म्हणाली, "काका, तुम्ही काही करायचंच नाहीये. नुसतं वरून गेलात की झाड सांगतं, मी इथे आहे. क्लिक केलंत की मग ते निवडलं जाणार." मी म्हटलं, "पण मी विचारलं नसताना कशाला सांगतं?" ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. गेल्या वर्षापासून माझं असंच होतंय. मी सरळ काहीतरी बोलतो, आणि लोक एकतर हसतात नाहीतर गप्प होतात, आणि कुठल्या वाक्याला काय होईल याचा मला अंदाज येत नाही.

आमचं ऑफिस मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. खाली खोके बनवणारे, वर आम्ही नकाशे बनवणारे. झाडं, दिव्याचे खांब, गटारांची झाकणं असं सगळं मोजून आम्ही नकाशावर मांडतो. मग तो नकाशा ब्राउझरमध्ये उघडून साहेब लोक त्यातलं हवं ते निवडतात, म्हणजे अमक्या गल्लीतली झाडं, तमक्या बागेतले दिवे. हे निवडायचं जुनं टूल ज्या ब्राउझरमध्ये चालायचं, तो ब्राउझर बनवणाऱ्यांनीच कधीचा सोडून दिला होता. म्हणून कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर आम्ही तो जपून ठेवला होता. त्याला अपडेट करायचं नाही, दुसरं काही उघडायला लावायचं नाही, म्हाताऱ्या माणसाला उन्हात नेत नाहीत तसं. त्यात एक झाड निवडायचं म्हणजे आधी बाणाचं चित्र दाबायचं, मग झाडाभोवती चौकोन ओढायचा, मग एक चाक फिरत राहायचं. चाक फिरताना माउसला हात लागला तर सगळं अडकायचं. हात न लावता बसणं ही माझी नोकरी होती आणि मी ती बरी करायचो. चौकोनाची कड शेजारच्या झाडाला नुसती चाटून गेली तरी तेही निवडून यायचं, त्यामुळे एकटं झाड कधी हाती लागायचंच नाही. गुलमोहर मागितला की सोबत भेंड आणि नारळ यायचे. मीरा, माझी बायको, या टूलला तिची सवत म्हणायची. रात्री मी जेवायला बसलो की विचारायची, "आज आली का वेळेवर, का रुसली?" मी सांगायचो, दुपारभर रुसली होती. "मरत कशी नाही एकदाची," असं म्हणून ती मला भाकरी वाढायची. मग मागच्या थंडीत मीराच गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी कामावर आलो, कोपऱ्यातला कॉम्प्युटर लावला. चाक फिरलं आणि नकाशा आला. मला त्या दिवशी त्या टूलचा फार राग आला होता.

नवीन टूल मराठीत पाहिजे, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं पडलं. हर्षद, आमचा मालक, मला म्हणाला, "अंबादासभाऊ, तुमचं मराठी प्युअर आहे. तुम्ही जान्हवीला शब्द द्या." माझं मराठी प्युअर आहे कारण मी जालन्याकडचा आहे आणि बाकी सगळे मुंबईचे आहेत, एवढंच. दहावी करून मी ट्रेसिंगच्या कामाला लागलो तो अजून तेच करतोय, फक्त कागद गेला. तर जान्हवी एकेक बटन वाचायची आणि मी शब्द द्यायचो. ती म्हणाली, "सिलेक्ट." मी म्हटलं, "निवडा." तिने टाइप केलं आणि पुढे गेली, पण मी तिथेच राहिलो. मीरा दर रविवारी सकाळी दारात ताट घेऊन बसायची. तांदूळ निवडायची तेव्हा बोटांनी खडा उचलायची आणि बाहेर भिरकावायची. मेथी निवडायची तेव्हा पान खुडून घ्यायची आणि काडी टाकायची. म्हणजे तांदळात जे निवडलं ते बाहेर गेलं, आणि मेथीत जे निवडलं ते घरात राहिलं. इतकी वर्षं समोर बसून पेपर वाचताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जान्हवीला विचारलं, "निवडलेलं शेवटी ठेवायचं असतं की टाकायचं?" ती म्हणाली, "ते युजर ठरवणार ना काका." मी तिला तांदूळ आणि मेथीचं सांगितलं. ती बोरिवलीची. म्हणाली, "आमच्याकडे मेथी निवडूनच येते, पाकिटात." पुढचं बटन होतं चौकोन आखून त्यातली सगळी झाडं घ्यायची. मी म्हटलं, "चौकोन काढा." त्याच्या पुढचं, केलेली निवड रद्द करायची. "निवड काढा." आणि शेवटचं लाल बटन, मेलेलं किंवा पडलेलं झाड नकाशावरून घालवायचं. "झाड काढा." असे तिन्ही शब्द मी एका दमात दिले, तिने एका दमात टाइप केले, आणि दोघांपैकी कुणालाही काही खटकलं नाही. मग आम्ही चहा प्यायला खाली गेलो.

त्याच आठवड्यात आमच्या घाटकोपरच्या इमारतीला खोल्या रिकाम्या करायची तारीख मिळाली. पंतनगरात आता सगळ्याच जुन्या इमारती पाडून टॉवर होतायत. आमचीही पाळी येणार हे माहीत होतं, पण तारीख म्हणजे तारीख. टॉवर होईपर्यंत मी मुलुंडला एका खोलीत भाड्याने राहणार होतो. एका खोलीत एक माणूस आणि एक कपाट बसतं, दोन कपाटं बसत नाहीत. माझी मुलगी चेतना वाकोल्याला राहते. दर रविवारी यायची आणि खोके बांधून जायची. भांडी, पुस्तकं, बाबासाहेबांची तसबीर, सगळं तिने बांधलं, पण आईच्या कपाटाला हात लावला नाही. म्हणाली, "बाबा, ते तुम्ही निवडा. काय ठेवायचं, काय द्यायचं. मी केलं तर तुम्ही नंतर वर्षभर काही न बोलता बघत बसाल." मी म्हटलं, करतो. चार रविवार करतो म्हणालो. पाचव्या रविवारी तिने विचारलं नाही, नुसतं कपाटाकडे बघून घेतलं, आणि ते मला जास्त लागलं. शेजारच्या माधुरीवहिनी मालवणकडच्या, माणसाला मदत केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी मध्ये तोंड घातलं. "भावोजी, शुक्रवारी बोहारीण येतली. सगळी बिल्डिंग तिका कपडे देता. तुमी पण काय तां काढून ठेवा. मी घासाघीस करून चांगली भांडी घेतंय, तुमका ती फसवीत." मी म्हटलं, काढून ठेवतो.

गुरुवारी संध्याकाळी चहा घेतला आणि कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मला वाटलं होतं मीराचा वास येईल, पण मीराचा वास आलाच नाही, आणि मला जरा हायसं वाटलं. साड्या एकावर एक होत्या. मी वरून हात फिरवला. हात नुसता फिरला तर एकेक साडी काहीबाही सांगायला लागली, मी विचारलं नसताना. ही लग्नातली. ही चौदा एप्रिलची, पांढरी, निळ्या काठाची. ही चेतनाच्या लग्नात नेसलेली हिरवी. ही जांभळी, मी एकट्याने दुकानात जाऊन आणलेली, उभ्या जन्मातली एकच. मीराने ती उघडून बघितली होती आणि म्हणाली होती, "बरी आहे की." मीराने बरी म्हणणं म्हणजे फार झालं. अशा मी उचलत गेलो आणि पलंगावर ठेवत गेलो. बाकीच्या, म्हणजे रोजच्या, विटलेल्या, काठ उसवलेल्या, पावडरीचे डाग पडलेल्या, त्यांनी मला काही सांगितलं नाही. त्या मी कपाटातच राहू दिल्या. रात्री मी जमिनीवर झोपलो, कारण पलंग भरला होता. बरं वाटत होतं. काम झालं होतं. चेतना येईल तेव्हा तिला दाखवता येईल की बापाने स्वतःहून निवडलं. सकाळी निघताना मी माधुरीवहिनींना किल्ली दिली आणि म्हणालो, "वहिनी, पलंगावर काढून ठेवल्यात. बाकीच्या कपाटात आहेत." त्या म्हणाल्या, "तुमी निर्धास्त जावा." मी निर्धास्त गेलो.

त्या दिवशी ऑफिसात नवीन टूल दाखवायचं होतं. बागांच्या खात्यातून सुलक्षणा मॅडम आल्या होत्या. शांत बाई, पर्समध्ये आवळकाठी. हर्षदने प्रोजेक्टर लावला, जान्हवीने पार्ल्याची बाग उघडली आणि माउस मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो झाडावरून नेला. झाड पिवळं झालं. "अरे वा," त्या म्हणाल्या, आणि दोन-तीनदा परत परत नेला. मग "चौकोन काढा" दाबलं आणि सगळ्या बागेला चौकोन ओढला. चाक फिरलं नाही, काही अडकलं नाही, बाग झटक्यात पिवळी झाली. हर्षद माझ्याकडे बघून हसला. मॅडम म्हणाल्या, "झकास. आता मला यात माझा कडुनिंब दाखवायचाय. मागच्या महिन्यात आम्ही लावलाय, तुमच्या नकाशात नाहीये." त्यांनी बटनांवरून नजर फिरवली, पुटपुटत वाचलं आणि "झाड काढा" दाबलं. स्क्रीनवर चौकट आली, नक्की काढायचं का. मॅडम म्हणाल्या, "काढायचंय म्हणून तर दाबलं," आणि हो केलं. बाग गेली. म्हणजे बागेची भिंत राहिली, पायवाट राहिली, बाकं राहिली. झाड एकही राहिलं नाही. मॅडमनी चष्मा वर केला. "माझा कडुनिंब कुठाय?" हर्षद म्हणाला, "मॅडम, तुम्ही झाडं काढलीत." "कुठे काढली? मी काढायलाच तर सांगतेय." "नाही, म्हणजे काढलीत. काढून टाकलीत." "पण तुम्हीच लिहिलंय ना, काढा म्हणून." "मॅडम, ते काढा म्हणजे हे काढा नाही, ते काढा." जान्हवीने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. मॅडम हर्षदला म्हणाल्या, "मी शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षेला बसले होते. तिथे असाच प्रश्न यायचा, झाड काढा. तेव्हा कुणी कुऱ्हाड घेऊन नव्हतं गेलं." मग पर्समधून आवळकाठी काढून तोंडात टाकली.

नुकसान काही झालं नव्हतं. तो दाखवण्यापुरता नकाशा होता, खरा वेगळा होता. मॅडमही नंतर हसल्या आणि शब्द बदला म्हणाल्या. पण त्या गेल्यावर हर्षदने विचारलं, "हे शब्द कुणी दिले?" आणि उत्तर माहीत असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. जान्हवी म्हणाली, "सर, मीपण वाचले होते की. मला पण नाही कळलं." हर्षद म्हणाला, "भाऊ, तुम्ही आज घरी जा. तुमचं शिफ्टिंग पण आहे ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. बायको गेलेल्या माणसावर कुणी ओरडत नाही. ही सवलत कधी संपते मला माहीत नाही, पण कधीतरी कुणीतरी मला चांगलं झापावं असं मला वाटतं. मीरा झापायची.

दुपारची मेट्रो रिकामी होती. मी बसलो आणि तो शब्द डोक्यात चालू झाला. फोटो काढतात तेव्हा फोटो येतो. दात काढतात तेव्हा दात जातो. रांगोळी काढली की उमटते, डाग काढला की मिटतो. तिकीट काढतात, केस काढतात, आजारपण काढतात, कुणाची आठवण काढतात. आठवण काढली म्हणजे ती आली की गेली? चेतनाच्या वेळी मीरा बाळंतपणाला माहेरी होती, तिला बघायला गेलो, तेव्हा सासूबाईंनी मला काढा दिला होता, गवती चहाचा, कारण मला सर्दी झाली होती. म्हणजे तोही एक काढा. इतकी वर्षं आपण बोलतो आणि एकमेकांना कळतं कसं? साकीनाका गेलं. मीरा मला म्हणायची, दूध काढा, आणि मी फ्रीजमधून काढायचो. ती म्हणायची, चप्पल काढा, आणि मी घालत नसायचो, काढायचो. म्हणजे कळत होतं. तीस वर्षं एका घरात काढली म्हणून कळत होतं. मग असल्फाला दारं उघडली आणि मला माझाच सकाळचा आवाज ऐकू आला. वहिनी, पलंगावर काढून ठेवल्यात.

मी उभा राहिलो. स्टेशन माझं नव्हतं, म्हणून परत बसलो. माधुरीवहिनींना फोन लावला. त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि त्या तिथे सोडून घरभर असतात. रिंग वाजत राहिली. मी स्वतःला सांगितलं, कुणीही माणूस बघून ओळखेल. चांगल्या चांगल्या साड्या पलंगावर आणि जुन्या कपाटात, म्हणजे काय ते कळणारच. मग मला पार्ल्याची बाग आठवली. घाटकोपरला उतरून रिक्षा मिळेना, मग मी चालत सुटलो. माझ्या वयाच्या माणसाने पळू नये, पण चालणं आणि पळणं यांच्या मधलं काहीतरी मी करत होतो. दार उघडं होतं. पलंगावर एक मोठं पातेलं होतं, त्यात दुसरं पातेलं, त्यात झाकणाचे डबे. स्टील नवं होतं आणि त्यात खिडकी दिसत होती. कपाट बंद होतं. त्याच्या दारावर वहिनींनी खोक्यांची चिकटपट्टी लावली होती, आतलं हलू नये म्हणून. वहिनी मागून आल्या. "बघा हां भावोजी. ती दोनच डबे देय होती. मी म्हटलंय, गो बाय, जरीचा काठ बघ, ही जांभळी बघ, एकदा पण धुतलेली दिसत नाय. तेव्हा खंय तां मोठां पातेला दिल्यान." त्या फार खूश होत्या. मी विचारलं, "बोहारीण गेली?" "आताच पाठच्या बिल्डिंगीत गेली." मी मोठं पातेलं उचललं. "आलोच." मागून आवाज आला, "भावोजी, पातेला खंय नेतास?"

मी पातेलं पोटाशी धरून जिना उतरलो. वॉचमन म्हणाला, "काका, भंडारा आहे का?" पाठच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली बोहारीण पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर कपड्यांचा ढीग होता, सगळ्या पंतनगराचा, आणि ती तो निवडत होती. धडके एकीकडे, विरलेले एकीकडे. मी सांगितलं की माझ्या बायकोच्या साड्या चुकून आल्यात, हे पातेलं घे आणि त्या दे. तिने पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जरीवाल्या सगळ्या माझी बहीण घेऊन गेली काका, टेम्पोमधे. आता ह्या राहिल्यात. ह्यात तुमची असेल तर घ्या." आणि तिने एकेक उचलून दाखवायला सुरुवात केली. "ही?" मी म्हटलं, नाही. "ही?" नाही. "ही?" ती आकाशी होती. मला कळेना. आदल्या संध्याकाळी मी आकाशी उचलली होती का? काठ असा होता का? मीराकडे आकाशी होती. पण सगळ्यांकडेच असते. बोहारीण म्हणाली, "काका, बायको तुमचीच होती ना?" तिने साधंच विचारलं. मी ढिगात हात घातला. हात फिरवत राहिलो आणि एकही साडी काही सांगेना. काल सगळ्या एकदम बोलत होत्या. मला भीती वाटायला लागली, साड्या गेल्याची नाही, दुसरीच. आणि तेवढ्यात ढिगाच्या खालून एक कोपरा आला, मोहरीच्या रंगाचा, त्यावर तपकिरी बारीक चौकडी.

चेतना चौथीत होती. शाळेचं गॅदरिंग होतं आणि ती नाचात झाड झाली होती, म्हणजे मागे उभं राहायचं होतं. मी कामावरून परस्पर गेलो आणि हॉलच्या दारात उभा राहिलो. पुढे सगळ्या बायकांच्या पाठी होत्या, आणि त्यात ही मोहरी साडी होती, दुसऱ्या रांगेत. मी ओळखलं आणि तिथे जाऊन बसलो. मीरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं झाड हलतंय बघा." आमची दोघांची तेव्हा हसून मुरकुंडी वळली होती. मी साडी ओढून काढली. बोहारीण म्हणाली, "हिचा फॉल सुटलाय, काठ पण गेलाय, दुसरी घ्या ना चांगली." मी म्हटलं, हीच. तिने पातेलं ठेवून घेतलं. मोठं पातेलं एका जुन्या साडीला, तिचा दिवस चांगला गेला. मी साडी घेऊन जिना चढलो तेव्हा मला त्या बाकीच्या साड्यांचं फारसं काही वाटत नव्हतं. एक मिळाली होती, आणि ती मीच ओळखली होती.

माधुरीवहिनी दारातच होत्या. त्यांनी साडी बघितली, हातात घेतली, पदर उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही माझी." मी म्हटलं, "नाही वहिनी, मीराची." "माझी हां भावोजी. सकाळीच मी दिलंय तिका, तुमच्या सोबत. ह्यो बघा, हय मी रफू केलेलो." मी त्यांना गॅदरिंगचं सांगितलं, दुसरी रांग, झाडाचं हलणं. मी जरा चढ्या आवाजात सांगितलं असणार, कारण समोरच्या घराचं दार उघडलं आणि बंद झालं. वहिनींनी रफूवर बोट ठेवलं होतं ते तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "होय. ता खरां. माझ्याकडसून नेली होती तिनं. इस्त्रीवालो गावाक गेललो आणि हिची साडी तेच्या टपरीत. रडकुंडीक येऊन दारात उभी रवली." वहिनींनी विचारलं, "पण तुमी ही परत हाडलात कशाक?" तेव्हा मी सांगितलं. पलंगावरच्या ठेवायच्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "आणि कपाटातल्यो?" मी म्हटलं, "त्या द्यायच्या होत्या." त्या माझ्या पलंगावर बसल्या. डबे बाजूला सरकवले, परत जवळ घेतले. मग त्यांना रडायला आलं, आणि असं की थांबेना. मी म्हणत होतो, जाऊ दे वहिनी, शब्दच तसा आहे, आज ऑफिसात एका मॅडमनी आख्खी बाग काढली. त्यांना ते काही कळलं नाही आणि त्या जास्तच रडल्या. शेवटी मी चहा टाकला. कप बांधून झाले होते, म्हणून नव्या डब्याच्या झाकणांतून आम्ही चहा प्यायलो. झाकणं तापली आणि दोघांनाही ती धरता येईनात. "पातेला चांगला होता," वहिनी साडी काखेत घेऊन नाक पुसत म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, चांगलं होतं."

रविवारी चेतना आली आणि तिने कपाटाची चिकटपट्टी सोडली. मी खिडकीत उभा होतो. ती एकेक साडी उचलून बघत गेली. मग एक विटकी गुलाबी साडी नाकाला लावून म्हणाली, "बाबा, बरोब्बर निवडल्यात हो. मला वाटलं तुम्ही जरीच्या ठेवाल." मी तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं. पण मी म्हटलं, "मी नाही निवडल्या. बोहारणीने ठेवल्या," आणि सगळं सांगितलं. मग तिचं तोंड वाकडं झालं, मला वाटलं रडणार, आणि ती हसायला लागली, फरशीवर बसून, गुलाबी साडी मांडीत घेऊन. "म्हणजे ती जांभळी पण गेली?" मी म्हटलं, "ती पहिली गेली." "आईने ती दोनदा बोहारणीला द्यायला काढली होती, माहितीये? दोन्ही वेळा परत ठेवली. म्हणाली, बापाला कळलं तर बसेल तोंड पाडून." हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "बाकीच्या?" ती म्हणाली, "बाकीच्या कुठल्या गेल्या ते तरी आठवतंय का?" मला तीन आठवल्या. गुलाबीला घरातला वास होता, फोडणीचा आणि पावडरीचा. मला तो गुरुवारी आला नव्हता कारण मी त्या साड्यांना हातच लावला नव्हता. सगळ्या साड्या एका खोक्यात बसल्या. कपाट आम्ही भंगारवाल्याला दिलं.

ऑफिसात सोमवारी जान्हवीने नवे शब्द मागितले. मी म्हटलं, चौकोन आखा, निवड सोडा, झाड पुसा. ती प्रत्येक शब्दाला थांबली आणि विचारायला लागली, "काका, याचा दुसरा काही अर्थ नाही ना?" मी म्हटलं, असेलही. आपण वापरून बघू. नवीन टूल चालू झालं. कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद करायच्या आधी मी एकदा तो लावून बसलो, शेवटचं एखादं झाड निवडावं म्हणून. चाक फिरायला लागलं. मी हात मांडीवर ठेवला आणि वाट बघितली. चाक फिरतच राहिलं, नकाशा काही आला नाही, आणि मग माणूस येऊन वायर काढून घेऊन गेला.

खोली सोडायच्या दिवशी सगळ्या जिन्यात खोके होते. माधुरीवहिनींचा मुलगा देवेश त्यांना बोरिवलीला न्यायला आला होता, माझा टेम्पो मुलुंडचा होता. टॉवर होईल तेव्हा परत शेजारी येऊ असं आम्ही म्हणत होतो आणि दोघांनाही माहीत होतं की तेव्हा कुणाला कुठला मजला मिळेल ते सांगता येत नाही. मी कुकर आणि तसबीर घेऊन दाराबाहेर आलो. खालच्या वळणावर एक बाई पाठमोरी उभी होती. मोहरी साडी, तपकिरी बारीक चौकडी. तिने एक हात कठड्यावर ठेवला होता आणि खाली कुणाला तरी खोका तिरका धर म्हणून सांगत होती. मी कुकर खाली ठेवला. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्या वळल्या. "काय बघतास भावोजी? फॉल लावलंय, म्हटलां कशाक फुकट घालवायची." त्यांनी पदर सारखा केला आणि जरा लाजून विचारलं, "कशी दिसतंय?" मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "फॉल चांगला बसलाय."

"मीरा म्हणायची तां खरां," वहिनी म्हणाल्या. "तुमका साडीतला कायएक कळणा नाय."